संगणकाचे सोवळे

आपल्या संगणकात काय चालावे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांत विचारलाच जात नाही. दुकानदाराने जे घालून दिले ते चालते. बिघडले की तोच येतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो, पैसे घेतो आणि पुन्हा तेच घालून जातो. फ्रिज घेताना चार दुकाने फिरणारा आणि मुलाच्या प्रवेशासाठी दहा जणांना विचारणारा माणूस इथे मात्र ‘मला त्यातले काही कळत नाही’ म्हणून मोकळा होतो. ज्या यंत्रात त्याची बँक, आयकर, घरचे फोटो आणि सारा पत्रव्यवहार आहे, त्याच्याबद्दल तो हे बोलत असतो आणि बोलताना त्याला संकोच वाटत नाही. तो वाटायला हवा, असे माझे मत आहे.

मी तंत्रज्ञ नाही. लिहिणे, वाचणे, पत्रे पाठवणे, थोडाफार हिशेब आणि कधी एखादा चित्रपट, एवढ्यासाठी मी संगणक वापरते. गेली काही वर्षे तो विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालतो. मी लिनक्स घालायचे ठरवले तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘ताई, तुम्ही त्या भानगडीत पडू नका, ते इंजिनिअर लोकांचं काम आहे.’ पुढे लिनक्सच्या एका जाणत्या उपासकाला शंका विचारली, तर त्यानेही वेगळ्या शब्दांत तेच सांगितले: आधी अभ्यास करा, मग विचारा. दोघांचे पक्ष विरुद्ध, पण सामान्य माणसाने स्वतःचे मत बनवू नये यावर दोघांचे एकमत. हा लेख त्या एकमताविरुद्ध आहे.

आधी आपली रूढी तपासू. नव्या लॅपटॉपबरोबर बहुतेकदा विंडोज रीतसर विकत मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण सुटे भाग जुळवून घेतलेले डेस्कटॉप, जुने विकत घेतलेले संगणक, गल्लीतली झेरॉक्सची दुकाने, क्लासेस, लहान कार्यालये यांचे काय? ‘ओरिजिनल टाकायचे की साधे?’ असा प्रश्न दुकानात उघडपणे विचारला जातो. यातले ‘साधे’ म्हणजे चोरीचे, हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते.

ते ‘साधे’ घालताना काय होते ते एकदा शेजारी बसून पाहावे. सर्वांत आधी विंडोजचे स्वतःचे संरक्षण बंद केले जाते, कारण ते चालू असले तर दुकानदाराच्या पेन ड्राइव्हमधला ‘ॲक्टिव्हेटर’ लगेच पकडला जातो. मग त्या फाइलला संगणकाचे सर्वाधिकार दिले जातात. एक काळी खिडकी उघडते, तिच्यात काही ओळी भराभर सरकतात, खिडकी मिटते आणि पडद्याच्या कोपऱ्यातली परवान्याची सूचना नाहीशी होते. त्या काही सेकंदांत आत काय काय झाले हे दुकानदारालाही माहीत नसते. ती फाइल कोणी लिहिली, ती आणखी काय करते, रात्री कोणाशी बोलते, हे तिथे कोणालाच सांगता येणार नाही. त्याच यंत्रावर आपण संध्याकाळी बँकेचा पासवर्ड टाकतो आणि वर ‘लिनक्स सुरक्षित असते का हो?’ असेही विचारतो.

कायद्याची बाजू सरळ आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी प्रमाणे सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. त्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभासाठी वापर झाला नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. घरात पत्रे लिहिणाऱ्या कोणाला तुरुंगात पाठवावे असे मला मुळीच वाटत नाही. माझा मुद्दा आपल्या बोलण्यातल्या आणि वागण्यातल्या अंतराचा आहे. मुलाने शेजाऱ्याचे पेन उचलले तर आपण त्याला परत द्यायला लावतो. त्याच मुलाला आपण ज्या यंत्रावर ‘प्रामाणिकपणाचे महत्त्व’ हा निबंध टाइप करायला बसवतो, ते चोरीच्या प्रणालीवर चाललेले असते. मूल हे पाहत असते आणि त्यातून शिकतही असते.

यावर ठरलेले उत्तर येते: विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी गडगंज आहे, परवान्याला दहा हजारांच्या पुढेमागे मोजावे लागतात, आपल्याला ते कसे परवडणार? परवडत नाही हे खरे आहे आणि ती किंमत आपल्या उत्पन्नाच्या मानाने अवाजवी आहे, हेही मी मान्य करते. पण अवाजवी वाटणारी वस्तू नाकारण्याचा मार्ग असतो. इथे आपण किमतीला नावे ठेवतो, वस्तू मात्र उचलतो, आणि त्यामुळे ज्या मक्तेदारीला नावे ठेवतो तीच बळकट करतो. मुलगा चोरीच्या प्रतीवर शिकतो, नोकरीला लागला की कार्यालयाकडे तेच मागतो, कार्यालय पैसे भरून तेच घेते, आणि कार्यालयांत तेच आहे म्हणून क्लासवाला तेच शिकवतो. कंपनीचा तोटा यात फारसा नाही. तोटा होतो तो खरोखर फुकट आणि कायदेशीर असलेल्या पर्यायाचा, कारण चोरीचा माल शून्य रुपयांना मिळत असताना त्याच्याकडे कोण बघणार? मराठी फाँट आणि टंकलेखनाची साधने कष्टाने बनवणाऱ्या इथल्या लहान उद्योजकांच्या मालाच्याही अशाच प्रती निघाल्या. तिथे तर ‘गडगंज कंपनी’ हे निमित्तही नव्हते.

हा फुकट आणि कायदेशीर पर्याय काय आहे ते थोडक्यात सांगते. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरने १९८३मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यामागची भूमिका अशी की, सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते हव्या त्या कामासाठी चालवण्याचा, आतून तपासून बदलण्याचा, दुसऱ्याला देण्याचा आणि आपण केलेले बदल वाटण्याचा हक्क असलाच पाहिजे. १९९१मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी सामान जुळवून जे तयार संच केले, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. १९९३पासून स्वयंसेवक चालवत आलेली डेबियन, तिच्या आधारावर २००४मध्ये आलेली उबुंटू, उबुंटूवर उभी राहिलेली लिनक्स मिंट, रेड हॅट कंपनीच्या पाठबळावरची फेडोरा ही त्यांतली ठळक नावे. उबुंटूवाले एके काळी मागेल त्याला सीडी फुकट, टपालखर्चही न घेता, घरपोच पाठवत. ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणणाऱ्यांच्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो, आणि जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७च्या नोव्हेंबरपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत.

आता माझी मते, एका साध्या वापरकर्तीची म्हणून. विंडोजची सवय असलेल्या माणसाने मिंट घ्यावे. मेनू डावीकडे खाली, घड्याळ उजवीकडे, फाइली फोल्डरमध्ये. नव्याने शिकायचे फार थोडे उरते. ज्याला दर दोन-तीन वर्षांनी एकदाच हात लावायचा आणि मधल्या काळात काहीच बदललेले नको, त्याने डेबियन घ्यावे. फेडोरा चांगली आहे, पण नवे ते लवकर देते आणि आवृत्तीही लवकर बदलायला लावते; माझ्यासारखीला एवढी घाई नसते. उबुंटूबद्दल मला थोडा राग आहे. २०१२मध्ये तिने डेस्कटॉपवरच्या शोधाच्या चौकटीत ॲमेझॉनचे निकाल दाखवायला सुरुवात केली. म्हणजे आपण आपल्याच फाइली शोधायला जे टाइप करू ते बाहेर जाऊ लागले, तेही आधी न विचारता. पुढे ते थांबवले गेले. पण खुल्या परवान्याची पाटी लावणारेही माणसाला गिऱ्हाईक समजू शकतात, हे त्यातून कळले. पाटी वाचून निर्धास्त होऊ नये. आर्च वगैरे डिस्ट्रो ज्यांना यंत्र खोलून बघण्याचाच आनंद आहे त्यांच्यासाठी आहेत. तो आनंद खरा आहे, फक्त तो सर्वांना सक्तीचा करू नये.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्वतःच्या अनुभवावरून सांगते. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा इनस्क्रिप्ट हा कळफलक-आराखडा जोडला की देवनागरी लिहिता येते. वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही, डोंगल लागत नाही. ‘दऱ्याखोऱ्या’ लिहायचे तर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरपी रेघ, की ‘ऱ्य’ उमटते. विंडोजवरच्या इनस्क्रिप्टमध्येही हेच आहे, त्यामुळे शिकलेले वाया जात नाही. लोहित नावाचा खुला देवनागरी फाँट रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षे सांभाळला. उणिवाही आहेत. मेनू मराठीत केले तर निम्मे मराठी, निम्मे इंग्रजी दिसतात, आणि आज्ञा टाइप करण्याच्या पडद्यांत, म्हणजे अनेक टर्मिनलांत, आपली जोडाक्षरे अजून तुटतात. हे काम मराठी माणसांनी हाती घेतले तरच पुरे होईल, फिनलंडहून कोणी येऊन ते करणार नाही.

आणि जुन्या फाइली? ‘लिनक्सवर आमची मराठी फाइल उघडत नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते,’ ही तक्रार हमखास ऐकू येते. ती खिचडी लिनक्सने केलेली नाही. युनिकोड ही अक्षरांच्या क्रमांकांची सामाईक पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटांत लिहिलेल्या मजकुरात मुळात देवनागरी अक्षरे नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात आणि तो विशिष्ट फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. तो फाँट नसलेल्या कोणत्याही विंडोजवर ती फाइल अशीच दिसेल. म्हणजे वर्षानुवर्षांचा आपला मजकूर एका कंपनीच्या एका फाँटच्या ताब्यात आहे. ग्रंथालयांच्या सूच्या, दिवाळी अंकांच्या जुन्या प्रती, सहकारी संस्थांची इतिवृत्ते अशी पडून आहेत. ती युनिकोडमध्ये आणण्याचे काम विंडोजवर राहूनही करता येते आणि करावेच लागेल.

इथवर लिनक्सवाल्यांनी माना डोलावल्या असतील. आता त्यांच्याकडे वळते. रूढी मोडायला निघालेल्या पंथाची स्वतःची रूढी कशी तयार होते, ते या जगात फार स्पष्ट दिसते. अमुक डिस्ट्रो वापरणारा उच्च, तमुक वापरणारा नवशिक्या. माऊस वापरला तर कमीपणा, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केल्या तर प्रतिष्ठा. २०१४मध्ये डेबियनने सिस्टमडी ही संगणक सुरू करणारी यंत्रणा स्वीकारली तेव्हा वाद इतका पेटला की एक गट डेव्हुआन ही वेगळी डिस्ट्रो काढून बाहेर पडला. मतभेदाचा आणि वेगळे होण्याचा हक्क मी मानते. तोच तर या चळवळीचा पाया आहे. पण अशा वादांत किती जणांनी विचारले, की ज्या बाईला फक्त वीजबिल छापायचे आहे तिचे यातून भले होते की वाईट?

या सोवळ्याचा सर्वांत बोलका दाखला डेबियनमध्येच आहे. वायफायच्या बऱ्याच चिपांना चालण्यासाठी कंपनीने दिलेला एक छोटा बंदिस्त प्रोग्राम लागतो. तो खुला नाही, म्हणून डेबियन आपल्या अधिकृत संचात तो ठेवत नसे. तत्त्व शुद्ध राहिले. परिणाम असा, की सामान्य माणूस डेबियन घालायला बसला की बऱ्याचदा वायफाय चालायचे नाही, आणि ते चालण्यासाठी लागणारी फाइल इंटरनेटवरून आणायची, तर इंटरनेटच नाही. जाणत्यांना आडवाटेचा अनधिकृत संच ठाऊक होता. नवख्याला तो ठाऊक नव्हता, म्हणून तो विंडोजकडे परत जात होता. म्हणजे शुद्धतेची किंमत नवखा मोजत होता आणि तिचे समाधान जाणत्याला मिळत होते. डेबियनच्या श्रेयाची गोष्ट ही, की २०२२मध्ये सभासदांनी यावर खुली चर्चा केली, मतदान घेतले आणि नियम बदलला. जून २०२३च्या डेबियन १२पासून तो प्रोग्राम अधिकृत संचातच येतो, आणि तो बंदिस्त आहे हे सांगितलेही जाते. तत्त्व न सोडता माणसाला सामावून घेता येते हे तिथे दिसले. काहींनी तरीही हा भ्रष्टाचार मानला. त्यांना माझा प्रश्न आहे: ज्याच्या स्वातंत्र्यासाठी हे सगळे चालले आहे त्याला दाराबाहेर ठेवून कोणाचे स्वातंत्र्य जपले जाते?

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ ही या पंथाची एक श्रद्धा. ‘हजारो डोळे बघत असतात, त्यामुळे दोष लपत नाही’ ही दुसरी. २०१४मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष ओपनएसएसएल या खुल्या प्रोग्राममध्ये दोन वर्षे सर्वांसमोर पडून होता. मार्च २०२४मध्ये तर एक्सझेड नावाच्या लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात मागच्या दाराची सोय सापडली. ती घालणाऱ्याने दीर्घकाळ मदतनीस म्हणून काम करून विश्वास कमावला होता, आणि मूळ सांभाळणारा एकटा, थकलेला स्वयंसेवक होता. आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले, त्याने कारण शोधले आणि तो कट स्थिर आवृत्त्यांत पोचण्याआधी उघडा पडला. यातून मी दोन निष्कर्ष काढते. आतले पाहता येत होते म्हणूनच त्याला मुळापर्यंत जाता आले, हा खुलेपणाचा खरा गुण. पण पाहता येते म्हणजे कोणीतरी पाहतच असेल असे नाही. त्यासाठी माणसे लागतात आणि माणसांना पोट असते. आपण लिनक्स फुकट वापरत असू, तर वर्षाकाठी थोडे पैसे, एखादा नीट लिहिलेला दोषाचा अहवाल किंवा काही ओळींचे भाषांतर देणे आपल्याकडे लागते.

आक्षेप उरतात आणि ते खरे आहेत. टॅलीवर हिशेब असलेल्या व्यापाऱ्याला, कोरलड्रॉवर फ्लेक्स करणाऱ्याला, फोटोशॉपवर पोट असलेल्याला मी लिनक्स घे म्हणणार नाही, कारण हे प्रोग्राम लिनक्सवर थेट चालत नाहीत. त्यांनी परवाना घ्यावा आणि तो धंद्याच्या खर्चात धरावा. डिजिटल सहीच्या टोकनांवर अवलंबून असणाऱ्यांनी ती लिनक्सवर चालतात याची आधी खात्री करून घ्यावी. लिनक्सवर शिकलेल्या मुलांना नोकरी कशी मिळणार, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. तक्ता कसा मांडावा, सूत्र कसे लिहावे, पत्राचा मसुदा कसा असावा हे ज्याला समजले त्याला लिब्रेऑफिस या खुल्या कार्यालयीन संचावरून एक्सेलवर जायला फारसा वेळ लागत नाही. ज्याने फक्त ‘तिसऱ्या बटणावर क्लिक’ पाठ केले, तो एक्सेलच्या पुढच्या आवृत्तीतही अडतो. केरळच्या सरकारी शाळा दीड दशकाहून अधिक काळ मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत, आणि त्या मुलांना नोकऱ्या मिळत नाहीत असे कोणी म्हणत नाही.

जर्मनीतल्या म्युनिकचे उदाहरण विरोधक देतात आणि ते ऐकून घ्यायला हवे. त्या महापालिकेने २००३मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, सुमारे १५ हजार संगणकांपैकी बहुतेक बदलले आणि २०१७मध्ये परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. त्यात राजकारण होते, तसा कर्मचाऱ्यांचा खरा त्रासही होता. उलट दिशेने, जर्मनीचेच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य आज सरकारी कामासाठी लिब्रेऑफिस आणि लिनक्सकडे निघाले आहे. बदल वरून लादला आणि वापरणाऱ्याला शिकवले नाही, तर उत्तम प्रणालीही कोसळते, एवढे म्युनिकवरून मी घेते.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. घरगुती वापरकर्त्यांना काही अटींवर किंवा पैसे भरून एखाद्या वर्षाची मुदतवाढ आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसर लागतात, म्हणून चालते-बोलते असंख्य संगणक तिला अपात्र ठरतात. तालुक्याच्या वाचनालयात, शाळेच्या संगणक कक्षात, सोसायटीच्या कार्यालयात असे संगणक आहेत. त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी होऊ शकतात: ते भंगारात जातील, किंवा कोणी पुन्हा काळी खिडकी उघडेल, किंवा कोणी मिंटचा पेन ड्राइव्ह लावून बघेल. तो लावला तरी आतले काही पुसले जात नाही. प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच चालते, आणि काढून घेतला की जुने जसेच्या तसे असते. एका दुपारी वायफाय लागते का, प्रिंटर छापतो का, मराठी उमटते का, नेहमीची संकेतस्थळे उघडतात का हे पाहावे. चार जीबी मेमरी असेल तर काम नीट होते. अगदी जुन्या ३२ बिटी यंत्रांवर आता नवे डेबियनही घालता येत नाही, तिथे उगाच हट्ट धरू नये. शिकायला मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे छोटे धडे मराठीत फुकट उपलब्ध आहेत. प्रिंटर चाललाच नाही आणि छपाई हेच मुख्य काम असेल, तर पेन ड्राइव्ह काढावा, परवान्याचे पैसे संस्थेच्या अंदाजपत्रकात मांडावेत आणि त्यावर सभासदांनी मतदान करावे.